माघातलं लग्न, ज्येष्ठातला झब्बा

शांतिपूर,
२ मे १९८४

श्रीमती निभाननीदेवी यांस सप्रेम नमस्कार.

येत्या पाच जूनला, मंगळवारी, जामाईषष्ठी आहे. पंचांग तुमच्याकडेही असेलच, तरी कळवून ठेवते. मागाहून ‘लक्षात राहिलं नाही’ असं व्हायला नको. टुकूच्या लग्नानंतरची ही पहिली षष्ठी. जावयाला पाटावर बसवून, मनगटाला पिवळा दोरा बांधून, ताडाच्या ओल्या पंख्याने वारा घालून जेवू घालीपर्यंत मी पाणीही पिणार नाही. आमच्या घरची ही रीत आहे आणि रीतीत मी सवलत देत नाही.

आता दुसरा मुद्दा. माघात लग्न झालं, आठव्या दिवशी जोडपं येऊन गेलं, ते गेलंच. नववर्षाला, वैशाखाच्या पहिल्या दिवशी बोलावलं, तर दिब्येंदुंनी कळवलं, वेधशाळेत वादळांची घाई आहे. टुकूच्या बाबांच्या वाढदिवसाला बोलावलं, तर पुन्हा वादळ. दोन्ही वेळा आमच्याकडे पान हललं नव्हतं. शिवाय टुकूच्या पत्रातून कळलं की लग्नात दिलेला टसरचा झब्बा अजून ट्रंकेत घडी मोडायची वाट पाहतो आहे. टसर पसंत नसेल तर तसं सांगावं, मनात ठेवू नये. सोबत गरद रेशमाचा नवा झब्बा पाठवते. षष्ठीला जावयाने सासरचं वस्त्र अंगावर घालूनच पाटावर बसायचं असतं. हाच घालून यावं.

तुम्ही आत्या, त्यांच्या ‘पिशी’, असलात तरी आईच्या मागे त्यांना तुम्हीच वाढवलंत, म्हणून हे तुम्हाला लिहिलं. उत्तर लवकर पाठवावं.

कनकप्रभा बागची


भवानीपूर, कलकत्ता,
७ मे

प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र वाचता वाचता मी आपोआप ताठ बसले आणि पदर सारखा केला. एकतीस वर्षं शाळेत काढून मुख्याध्यापिका झालात, ते पाकिटावरच्या पत्त्यातसुद्धा दिसतं.

गरद किती सुंदर हो! हात फिरवला तर मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटलं. मांजरालाही तसंच वाटलं असावं, ते त्याच्यावर जाऊन झोपलं. हाकललं लगेच, काळजी करू नका.

टसरचं मनाला लावून घेऊ नका. आमचा दिबू फार साधा मुलगा आहे. रेशीम म्हटलं की संकोचतो. म्हणतो, “पिशी, इतकी चांगली वस्तू माझ्या अंगावर खराब होईल.” आता याला काय म्हणावं! लहानपणापासून असाच. नवा सदरा आणला की आधी दोन दिवस त्याच्याकडे नुसता बघत बसायचा.

षष्ठीचं म्हणाल, तर त्याची फार इच्छा आहे. पण वादळांना कुठे सुट्ट्या असतात? बघू या कसं जमतं. मी म्हणते, अगदी नाहीच जमलं तर पौषात संक्रांतीला, तांदळाच्या गोड पिठ्यांच्या सणाला येईल की! तेव्हा हवा कशी छान असते, नवा गूळ असतो.

सूनबाई मजेत आहे. काल तिने कच्च्या कैरीची चटणी केली, मी तीनदा घेतली.

तुमची
निभाननी


शांतिपूर,
११ मे

श्रीमती निभाननीदेवी,

पत्र मिळालं. जामाईषष्ठी ज्येष्ठात असते. पौषात नसते.

‘साधा मुलगा’ या दोन शब्दांचा अर्थ मला कळतो. मुलींच्या घरच्या चिठ्ठ्या मी एकतीस वर्षं वाचल्या आहेत. ‘पोट दुखत होतं’ म्हणजे मामाचं लग्न होतं, आणि ‘साधा मुलगा’ म्हणजे कापड साधं पडलं. तुम्ही सभ्यपणे सुचवलंत, मी समजून घेतलं. टुकूच्या वडिलांनी वकिली केली ती खऱ्याची केली, त्यामुळे घरात पैसा बेताचा. पण जावयाच्या अंगावर हलकं कापड घालायची वेळ आमच्यावर आलेली नाही.

आजच्या टपालाने आसामच्या मुगा रेशमाचा झब्बा पाठवला आहे. त्याला आतून लाल साटिनचं अस्तर मी स्वतः लावलं, दुहेरी शिलाईने, म्हणजे तो अंगावर चापून बसेल. वर घालायला जाड रेशमी जाकीटही आहे. गळ्याची बटणं वरपर्यंत लावावीत. उघड्या गळ्याने पाटावर बसणं मला आवडत नाही.

आता तरी संकोचाचं कारण उरू नये.

कनकप्रभा बागची


भवानीपूर, कलकत्ता,
१५ मे

पूज्य सासूबाईंच्या चरणी दिब्येंदुचा साष्टांग प्रणाम.

आपण पाठवलेली वस्त्रं पोचली. माझी त्यांना शोभेल इतकी योग्यता नाही.

कळवण्यास अत्यंत खेद होतो की दिनांक ५ जून रोजी उपसागराच्या उत्तर भागात हवामान बिघडण्याची शक्यता असून त्या दिवशी मला कामावर हजर राहणं भाग आहे. टुकू येईल. तिच्या वाट्याचं आणि माझ्या वाट्याचं ती जेवेल.

क्षमा असावी.

आज्ञाधारक
दिब्येंदु


शांतिपूर,
१८ मे

श्रीमती निभाननीदेवी,

तुमच्या भाच्याचं पत्र सोबत परत पाठवते आहे. वाचा. ज्या खात्याला आज संध्याकाळचा पाऊस आज दुपारी सांगताना घाम फुटतो, त्या खात्यातल्या या गृहस्थांना तीन आठवड्यांनंतरचं वादळ तारखेसकट दिसलं. इतकी विद्वत्ता असेल तर कलकत्त्यात काय करताहेत?

मी स्पष्ट विचारते. माझ्या मुलीचं काही चुकलं आहे का? तिला विचारलं तर तिने तीन पानं आंब्यांवर लिहिली. माणूस तीन पानं आंब्यांवर लिहितो तेव्हा चौथं पान लपवत असतो. आमचं घर त्यांना कमीपणाचं वाटतं का? का आणखी काही आहे, जे मला लग्नाआधी सांगायला हवं होतं?

पहिल्या षष्ठीला जावई आला नाही, तर शांतिपुरात लोक काय बोलतील याची मला पर्वा नाही. टुकूला काय वाटेल याची आहे. तिच्या मैत्रिणींचे नवरे येणार, आणि ही एकटी दोन माणसांचं जेवणार.

पंचवीस तारखेला मी स्वतः कलकत्त्याला येते. येताना जावयासाठी बंद गळ्याचा लोकरी कोट आणते. तुमच्या मते पौषच बरा, तर पौषाचीही सोय होऊन जाईल.

कनकप्रभा बागची


भवानीपूर, कलकत्ता,
२१ मे

विहीणबाई,

येऊ नका. निदान कोट घेऊन तरी येऊ नकाच. सगळं सांगते. फसवणूक म्हणायची तर म्हणा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

आमच्या दिबूला घाम येतो.

तुम्ही म्हणाल, कोणाला येत नाही? विहीणबाई, तुम्हाला-मला येतो तो घाम. दिबूला येतो तो पूर. चैत्र लागला की याच्या कपाळावर पहिला थेंब उभा राहतो, तो दुर्गापूजा होईपर्यंत बसत नाही. डॉक्टर झाले, वैद्य झाले, कालीघाटचा गंडा झाला. गंडासुद्धा भिजून कुजला. डॉक्टर म्हणतात, रोग नाही, प्रकृतीच तशी. ऑफिसात हा टेबलावर टीपकागद घेऊन बसतो. मागच्या आषाढात नकाशा काढता काढता अंदमानपाशी एक थेंब पडला आणि शाई पसरून गोल डाग झाला. साहेब येऊन म्हणाले, “लाहिरी, हे कमी दाबाचं क्षेत्र कधी तयार झालं?”

हसू नका. किंवा हसा, आम्हीही हसलो. पण त्याआधीची गोष्ट हसण्यासारखी नाही. चार वर्षांपूर्वी भाद्रपदात आम्ही एक मुलगी बघायला गेलो. मी मूर्ख, याला आकाशी रंगाचा टेरीकॉटचा शर्ट घातला. पंखा बंद पडला. दहा मिनिटांत शर्ट आकाशीचा गडद निळा झाला. चहाच्या कपात नाकावरून थेंब पडला तो सगळ्यांनी पाहिला. मुलीच्या आजीने सगळ्यांदेखत विचारलं, “मुलाला काही आजार तर नाही ना?” आणि आतून हसण्याचा आवाज आला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “पिशी, मला लग्न करायचं नाही.”

म्हणून मी माघ धरला. वैशाखातले सात मुहूर्त निघाले होते, तुम्हाला आठवतं? मी सातही खोडले. एकाला माझी एकादशी होती, एकाला गुरूंची पुण्यतिथी. गुरू केलाच नाही मी जन्मात.

सूनबाईला लग्नानंतर कळलं. तिने एकदा बघितलं नि म्हणाली, “पिशी, माठ पाझरतो म्हणून तर पाणी गार राहतं.” मुलगी सोन्याची आहे तुमची. आंब्यावरची तीन पानं त्याने शपथ घातली म्हणून लिहिली. त्याच्याबद्दल काही लिहायचं नाही, अशी शपथ.

पण तुमची त्याला भीती वाटते. नुसत्या पत्राने त्याला घाम फुटतो. तुमचं पाकीट नेहमी कोपऱ्यात ओलं असतं. परवा तुमचा मुगाचा झब्बा जाकिटासकट घालून पाहिला. म्हणाला, दहा मिनिटं बसून बघतो, जमतंय का. सहाव्या मिनिटाला तो पाठीला असा चिकटला की सूनबाई नि मी, दोघींनी मिळून लीचीसारखा सोलून काढला. आणि विहीणबाई, तुमच्या लाल साटिनला रंग सुटतो. मुलगा कमरेपासून गळ्यापर्यंत बळी दिल्यासारखा दिसत होता. कामवाली आत आली ती किंचाळतच बाहेर गेली.

मग पाटावर बसून म्हणाला, “पिशी, तीस माणसं मला बघायला येणार. त्या समोर बसून वारा घालणार. मी त्यांच्या पाटावर तळं करणार. मी जात नाही.”

एवढंच लपवलं. आता काय शिक्षा करायची ती मला करा, त्याला नको.

अपराधी
निभाननी


शांतिपूर,
२५ मे

श्रीमती निभाननीदेवी,

पत्र शेवटपर्यंत वाचलं. कोट कपाटात ठेवला. माघाबद्दल सवडीने बोलू.

ही बातमी मला लग्नाआधीच मिळाली असती, तर मी तीन रेशमी झब्बे, एक जाकीट आणि तुमच्या कामवालीची तब्येत वाचवली असती. असो. रडून कपडे वाळत नाहीत. आम्ही विणकरांच्या गावात राहतो; घामाला कापड सापडत नसेल तर ती गावाला लाज आहे.

मी कामाला लागले. घरातल्या प्रत्येक कापडाचा वीतभर तुकडा कापला, सारखं पाणी पाजलं आणि ओसरीत सावलीला टांगून समोर घड्याळ ठेवलं. पण कापड दोरीवर वाळणं वेगळं आणि माणसावर वाळणं वेगळं, म्हणून पुढचा भाग टुकूच्या बाबांवर केला. त्यांना अकरा वाजता एकेक झब्बा घालायला दिला आणि गच्चीच्या जिन्याच्या दहा-दहा फेऱ्या करायला लावल्या. ते वहीत वेळ लिहीत होते. वकील असल्यामुळे तक्रारही लिहीत होते.

रेशीम बाद. ओलं झालं की डाग उघडा पाडतं आणि अंगाला चिकटतं, हे तुम्ही सांगितलंतच. टेरीकॉट पाणी पीतच नाही. सगळं आतून वाहत खाली येतं. सातव्या फेरीला हे म्हणाले, “कनक, माझं मृत्युपत्र कपाटात डाव्या बाजूला आहे.” खादी पाणी भरपूर पिते, पण मग गाभण म्हशीसारखी जड होऊन संध्याकाळपर्यंत वाळत नाही. बाह्यांना चुण्या घातलेला मलमलीचा झब्बा, जो आमच्याकडे प्रत्येक जावई मिरवतो, त्याची खळ तिसऱ्या फेरीत विरघळली. मग तो असा पारदर्शक झाला की यांच्या पाठीवरचा तीळ मला गच्चीवरून दिसला. बिनखळीची मलमल बरी, पण घामाच्या माणसाला तीही लाज राखत नाही. परटाला मी सांगितलं, यापुढे या घरात खळ नको. तो म्हणाला, “बाई, खळ नसलेला जावई म्हणजे मीठ नसलेला मासा.” मी त्याला मासा आणि जावई यांतला फरक समजावला.

रंगाचंही पाहिलं. आकाशी आणि राखाडी हे फितूर रंग आहेत, एक थेंब पडला की गावभर सांगतात. चौकटीचं कापड गप्प बसतं.

शेवटी यांनी कंटाळून अंग पुसायला गमछा घेतला, तोच खांद्यावर टाकून वर्तमानपत्र वाचत बसले. वीस मिनिटांनी मी हात लावून पाहिला. कोरडा. विरळ वीण, खरखरीत सूत, पाणी चटकन पितो, चटकन सोडतो, अंगाला चिकटत नाही, आणि लाल-हिरव्या चौकटीत ओलं कुठे नि कोरडं कुठे, ते देवालाही कळत नाही. शेकडो वर्षं आपण घाम पुसायला हेच कापड वापरतो आणि घाम येईल म्हणून अंगात मात्र दुसरं घालतो. याला शिक्षण म्हणत नाहीत.

हरिपद विणकराला पाच वार सलग गमछा मागितला. तो माग थांबवून म्हणाला, “बाई, जावई जेवायला येतोय का अंघोळीला?” हे म्हणाले, “जावयाला पंचा नेसवणार? माझ्या भावाला काय तोंड दाखवू?” मी म्हटलं, तेच दाखवा, दुसरं आहे का?

दिब्येंदुंची मापं पाठवा. छातीला आठ इंच जास्त, काखेत चांगली पोकळ, गळा उघडा. वरपर्यंत बटणं लावायची सूचना रद्द समजावी. त्यांना कळू देऊ नका.

कनकप्रभा बागची


भवानीपूर, कलकत्ता,
२८ मे

विहीणबाई,

गमछा!! मी पत्र वाचून पान गिळलं, चुन्यासकट.

पण मापं घेतली. काल रविवारी दुपारी तो जेवून आडवा झाल्यावर सूनबाईने पाय धरले नि मी सुतळीने छाती मोजली. मध्येच जागा झाला. “पिशी, काय करतेस?” मी म्हटलं, “उशीला अभ्रा शिवायचाय.” म्हणाला, “माझ्या छातीएवढी उशी?” आणि पुन्हा झोपला. इतका भोळा आहे, आणि तुम्ही त्याला विद्वान म्हणता. सुतळी सोबत पाठवते. लाल गाठ छातीची, साधी गाठ बाहीची.

पण विहीणबाई, झब्बा शिवाल हो. त्याच्यात घालायला मुलगा कुठून आणाल? त्याचं ‘नाही’ ते ‘नाही’च आहे. तुम्हाला सगळं कळलंय हे मी त्याला सांगितलं, तर आणखीच बिघडलं. म्हणाला, “आता तर त्या मला नीट निरखून बघतील.” सूनबाई रात्री जेवली नाही. तिने एकटीने जायचं ठरवलंय, पण डबा भरताना डोळे पुसत होती. घाम पुसतेय म्हणाली. आमच्या घरात आता हीच एक सबब सगळ्यांना मिळालीय.

काहीतरी करा. माझ्याकडचे गुरू संपले.

निभाननी


शांतिपूर,
३१ मे

चि. दिब्येंदु यांस आशीर्वाद.

हे पत्र तुम्ही एकट्याने वाचावं. मी हे टुकूच्या बाबांनाही कधी सांगितलेलं नाही, आणि ते चौतीस वर्षं माझ्या समोर बसून जेवताहेत.

१९४८च्या जुलैत मी शाळेत लागले. बी.ए. झालेली, वय बावीस, अंगात नवा मोतिया ब्लाउज. पहिल्या तासाला फळ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तारीख लिहायला हात वर केला. मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. मी खाली पाहिलं. काखेपासून कमरेपर्यंत ओलं, थाळीएवढं.

तारीख अर्धीच राहिली. त्या दिवसानंतर एकतीस वर्षं मी फळ्यावर खांद्याच्या वर हात नेला नाही. रोज एका मुलीची पाळी लावली. तिने पुढे यायचं, तारीख लिहायची, धडा लिहायचा. तपासनीस आले, त्यांनी शेरा लिहिला, ‘शिस्त अनुकरणीय.’ इतर शाळांनी ती पद्धत उचलली. शिस्त कसली? काख होती.

मी पिशवीत तीन ब्लाउज ठेवी आणि मधल्या सुट्टीत कोठीच्या खोलीत बदली. मुलींना वाटे, बाई कोठी तपासतात. पुढे डाग दिसू नये म्हणून काळे, जाड, अस्तराचे ब्लाउज घालायला लागले. त्यांनी आणखी घाम आला, म्हणून आणखी जाड. परवा गच्चीच्या जिन्यात टुकूचे बाबा वर-खाली करत असताना मला उमगलं, की मी आयुष्यभर घाम लपवणारे कपडे निवडले, घाम वाळवणारे एकदाही नाहीत. आणि मग तुम्हाला मुगाला साटिनचं अस्तर लावून पाठवलं.

आता माघाबद्दल. तुमच्या पिशीने वैशाखाचे सात मुहूर्त खोडले असं त्या म्हणतात. मी त्यांच्या एकाही सबबीला हरकत घेतली नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मुलीच्या लग्नात दोनशे माणसांसमोर हात वर करून ओवाळायचं, तेही वैशाखात! त्यांनी माघ म्हणताच मला वाटलं, देव पावला. आठव्यासाठी मी स्वतः गुरू शोधला असता.

तेव्हा पाच तारखेला मला काय दिसेल याची चिंता सोडा. मला जे दिसेल ते मी रोज पाहते.

त्या दिवशी पहाटेची गाडी धरा. दोन जास्तीचे गंजीफ्रॉक पिशवीत घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाटावर घालायचं वस्त्र इथे तयार आहे. हा आग्रह नाही, सूचना आहे.

कनकप्रभा बागची


भवानीपूर, कलकत्ता,
८ जून

आई,

मंगळवारी काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. पण पाटावरून ते कसं दिसलं, ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहितो.

पहाटे चारला आर्द्रता ब्याण्णव टक्के होती. निघण्याआधी ऑफिसात फोन करून विचारली होती. वादळ कुठेही नव्हतं. राणाघाट येईपर्यंत पहिला गंजीफ्रॉक गेला, तुमच्या दारापर्यंत दुसरा. मी दारात उभा राहिलो तेव्हा परतीच्या गाडीची वेळ मला पाठ होती. तुम्ही बाहेर आलात, माझ्याकडे पाहिलंत, आणि म्हणालात, “हं. साधारण माझ्याइतकाच.” आणि आत गेलात. टुकू हसायला लागली ती खाली बसली. आई, गेल्या चार वर्षांत माझ्या घामाबद्दल इतकं चांगलं कोणी बोललेलं नाही.

तो झब्बा घातल्यावर पहिल्यांदा मला पाठीला वारा लागला. मला पाठ आहे हेच मी विसरलो होतो.

मग बरोबर बाराला वीज गेली. तीस माणसं, एकही पंखा नाही. टुकूचे मोठे काका बदामी सिल्कमध्ये बसून म्हणाले, “काय जावईबापू, अंघोळ अर्धवट टाकून आलात वाटतं?” सगळे हसले. मी पाटावरून उठणारच होतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “अंघोळ तुमची चालली आहे, भाऊजी. सिल्कमधल्या सिल्कमध्ये.” सगळ्यांनी वळून पाहिलं. काका खरोखरच बदामीचे तपकिरी झाले होते. आई, मला दुष्टपणा आवडत नाही, पण ते फार सुंदर दृश्य होतं.

आणि मग तुम्ही पंखा पाण्यात बुडवलात, उजव्या हातात घेतलात, आणि हात वर केलात. पूर्ण वर. पांढरा ब्लाउज होता. काखेपासून कमरेपर्यंत ओला. सगळं घर बघत होतं. मोठ्या काकूंनी तुम्हाला पदर सारखा करायची खूण केली, ती मी पाहिली, तुम्हीही पाहिलीत. तुम्ही ‘षाट, षाट’ असा षष्ठीचा आशीर्वाद देत वारा घातलात, सहाही वेळा, आणि एकदाही हात खाली आणला नाहीत. ते तुमचं पत्र वाचलेला त्या खोलीत मी एकटा होतो. माझ्या नाकावरून एक थेंब पायसात पडला, अगदी अंदमानच्या जागी. तो घामच होता असं मी सांगितलं.

म्हणून मी पंखा तुमच्या हातातून घेतला. ठरवून नाही. तुम्ही सकाळपासून पाणी प्यायला नव्हतात आणि हनुवटीवरून धार लागली होती. मोठ्या काकू ओरडल्या, “अगं बाई, जावई सासूला वारा घालतोय! हे कुठल्या पोथीत आहे?” बाबा इलिश माशाचा काटा काढता काढता म्हणाले, “प्रयोगवहीत.”

काकांनी निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, हे कापड कुठल्या विणकराचं? मी सांगितलं नाही. म्हटलं, सासूबाईंना विचारा. त्यांची हिंमत झाली नसणार.

पिशी रुसली आहे. म्हणते, तिच्यासाठी निखुती मिठाईचा एकच डबा दिलात आणि मी रस्त्यात अर्धा खाल्ला. दोन्ही खरं आहे.

एक विनंती. मला ‘तुम्ही’ म्हणू नका. भिजलेल्या माणसाला ते शोभत नाही.

तुमचा
दिबू

ता. क. पंखा चुकून माझ्यासोबत आला.


शांतिपूर,
२२ जून

चि. दिबू,

पंखा चुकून जात नाही. पिशवीत घालायला दोन हात लागतात. भाद्रपदात येशील तेव्हा परत आण. सोबत आणखी दोन झब्बे पाठवते, एक निळ्या चौकटीचा, एक पिवळ्या. ऑफिसात साहेब काही म्हणाले तर त्यांचं माप पाठव. हरिपद माग थांबवत नाही आता. तुझ्या काकांनी गुपचूप चार वार नेलं, असं त्यानेच सांगितलं. पिशींना निखुतीचे दोन डबे वेगळ्या पार्सलने, तुझ्या हाती न देता.

सुट्टीनंतर शाळा उघडली. सहावीच्या बाई रजेवर आहेत, म्हणून सोमवारी मला दोन तासांसाठी बोलावलं. हवा तशीच, ढग नुसते उभे. ज्या मुलीची पाळी होती ती खडू घ्यायला पुढे आली. मी तिला जागेवर बसायला सांगितलं.

फळ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तारीख लिहिली. पूर्ण. वारसुद्धा.

मागे वळून पाहिलं तेव्हा चाळीस मुली खाली मान घालून वहीत तारीख उतरवून घेत होत्या.

आई